घाटात गाडी तिसऱ्या गिअरला अडकते, गिअरबॉक्स खरंच गेलाय का?

वाशिष्ठी:
नमस्कार मंडळी. ऑटोमॅटिक सेडान, २०१५ची, ८६,००० किलोमीटर झालेत. बाबांना दर पंधरा दिवसांनी चिपळूणहून कराडला दवाखान्यात न्यावं लागतं. गेल्या तीन फेऱ्यांत दोनदा असं झालं की पोफळी मागे टाकून कुंभार्ली घाट चढायला लागले आणि धाडकन झटका बसला, चेक इंजिनचा दिवा लागला, गाडी तिसऱ्या गिअरलाच अडकली. हेळवाकला थांबून बंद-चालू केली की ठीक. दोन्ही वेळा पाऊस कोसळत होता. कोरड्यात एकदाही नाही. स्कॅनरवर पी ०७२२ आलं. गॅरेजवाले म्हणतात, गिअरबॉक्स उतरवायचा, दीड लाख धरून चाला. बाबा मागे बसलेले आणि चढाच्या वळणावर गाडी रखडली, तेव्हा माझे हातपाय गार पडले. काय करू?

जुना_फिटर:
ताई, गिअरबॉक्स इतक्यात उतरवू देऊ नका. पी ०७२२ म्हणजे आउटपुट स्पीड सेन्सरचा सिग्नल येत नाही, एवढंच. गिअरबॉक्समधून चाकांकडे जाणारा शाफ्ट किती वेगाने फिरतोय ते हा सेन्सर कॉम्प्युटरला कळवतो. ते कळेनासं झालं की गिअर कधी बदलायचा याचा हिशेब लागत नाही, मग नुकसान नको म्हणून कॉम्प्युटर एकच गिअर धरून बसतो. दोष सेन्सरमध्ये असेल, कपलरमध्ये (वायरी जोडायचा प्लग) असेल नाहीतर वायरमध्ये. फक्त पावसातच होतंय म्हणता, तर माझा पहिला संशय वायरिंगवर.

सेन्सरला वायरी किती आहेत? दोन असतील तर मल्टीमीटरने ओहम, म्हणजे सेन्सरचा रेझिस्टन्स बघा. तीन असतील तर तो वेगळ्या जातीचा. तिथे ओहम बघून उपयोग नाही, चावी ऑन करून सप्लाय येतोय का ते बघायचं.

घाटमाथा:
सेन्सर बाहेर काढलाच तर टोक पुसून घ्या, चुंबकाला लोखंडाचा बारीक कीस चिकटतो. ओ-रिंग, म्हणजे सेन्सरवरचं रबरी कडं, मात्र नवीच टाका. जुनी परत बसवली आणि माझ्या गाडीत ऑइल झिरपायला लागलं.

वाशिष्ठी:
दोन वायरी आहेत. ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियन काकांनी मोजलं: ५६० ओहम. मॅन्युअलमधल्या आकड्यात बसतंय. कपलरही स्वच्छ निघाला.

जुना_फिटर:
मग सेन्सर बहुतेक चांगला आहे. आता बॅटरीची निगेटिव्ह काढा, दोन्ही टोकांचे कपलर सोडवा, आणि कॉम्प्युटरपासून सेन्सरपर्यंत एकेका वायरची कंटिन्यूटी बघा, म्हणजे वायर आतून अखंड आहे का ते; अखंड असली की मल्टीमीटर बीप देतो. नुसतं मोजून थांबू नका. बीप चालू ठेवून वायर वीतभर वीतभर वाकवत पुढे सरका. जिथे बीप तुटेल तिथे दोष.

वाशिष्ठी:
सापडलं! बॅटरीच्या ट्रेखाली, कपलरपासून चार बोटांवर, एका वायरचा बीप तुटत होता. वरून वायर धडधाकट. काकांनी नखाने चाचपलं तर उंदराच्या दातांचे दोन बारीक टोचे. तेवढा भाग सोलला आणि आतली तांब्याची तार हिरव्या भुकटीसारखी बोटावर आली. पाऊस झाला की तिथेच पाणी शिरत असणार. गिअरबॉक्समध्ये काही नाही हे कळल्यावर मला रडूच आलं. आता जोड कसा द्यायचा?

जुना_फिटर:
हिरवं झालेलं सगळं कापा, चकचकीत तांबं लागेपर्यंत. तेवढ्याच जाडीचा नवा तुकडा सोल्डर करा, वर आतून गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केली की आवळून बसणारी नळी. पिळून नुसती टेप मारलीत तर पुढच्या पावसात पुन्हा हेच. आणि या दोन वायरी एकमेकींना पीळ देऊन आणलेल्या असतात, तो पीळ जोडाच्या जागीही ठेवा. सिग्नल बारीक असतो, पीळ गेला की शेजारच्या वायरींचा गोंधळ त्यात शिरतो.

वाशिष्ठी:
तसंच करून घेतलं. दुसरी वायर पण तेवढ्यात बदलली. सामान २४० रुपये, काकांची मजुरी ८००. कोड पुसून मी आधी एकटीच घाट चढून आले, मग काल बाबांना घेऊन. शिरगाव सोडल्यापासून पाऊस होता, वायपर फुल स्पीडला. गिअर लोण्यासारखे पडत होते आणि हेळवाकपर्यंत दिवा लागला नाही. बाबा तर झोपले होते. जुना_फिटर काका, तुमचे उपकार विसरणार नाही. ट्रेखालच्या वायरींना आता जाड स्लीव्ह घातली आहे. उंदरांसाठी आणखी काय करता येईल तेही सांगा.