मदत हवी आहे: थरांच्या पायावरील पूरबांधाखालचा पाझर तपासताना वरच्या थराची जाडी कोणती धरावी?

नमस्कार. पंचगंगेच्या काठावरील पूरसंरक्षक मातीच्या बांधाचा एक गृहीत छेद घेऊन मी पदव्युत्तर प्रकल्पासाठी पायातून होणाऱ्या पाझराचे गणित करीत आहे. 2019 आणि 2021 च्या महापुरांनंतर कोल्हापुरात अशा बांधांविषयी बोलणे निघाले की ते बहुधा उंचीवरच थांबते. पायाचा विचार करताना पदवीला शिकलेले खोसला यांचे (बंधाऱ्याखालील पाझराचे) सूत्र एकजिनसी माती गृहीत धरते, त्यामुळे येथे ते जसेच्या तसे लावता येत नाही.

छेदात वर 2 मीटर काळी चिकणमाती, तिच्याखाली 2 मीटर पोयटा, त्याखाली 6 मीटर वाळू आणि मग अभेद्य खडक आहे. पारगम्यता अनुक्रमे सेकंदाला 10⁻⁸, 10⁻⁶ आणि 10⁻⁴ मीटर धरली आहे. पुराचे पाणी शेताच्या पातळीपेक्षा 4 मीटर उंच, बांधाचा तळ 25 मीटर रुंद आणि पात्राने वरचे थर कापून वाळू उघडी पाडलेली जागा नदीकडील पायथ्यापासून 60 मीटरवर आहे.

ब्लँकेट पद्धतीप्रमाणे (वाळूवरील कमी पारगम्य थर आच्छादन मानून पाझर काढण्याची रीत) पोयट्याचे तेवढाच विरोध करणाऱ्या चिकणमातीत रूपांतर केले, तर त्याचे 2 मीटर जेमतेम 0.02 मीटर भरतात. मग शेताकडील परिणामी लांबी (गणितात धरायची पाझरमार्गाची समतुल्य लांबी) सुमारे 348 मीटर येते आणि शेताकडील पायथ्याखाली वाळूतील जादा शीर्ष (पाण्याच्या उंचीत मोजलेला दाब) सुमारे 3.2 मीटर राहते. येथपर्यंत शंका नाही. परंतु हे शीर्ष वरच्या दोन्ही थरांच्या 4 मीटर जाडीने भागले, तर ग्रेडियंट (दर मीटर जाडीमागे खर्ची पडणारे शीर्ष) 0.8 येतो, म्हणजे माती उचलली जाण्याच्या क्रांतिक मूल्याच्या (बुडीत एकक वजन 8 किलोन्यूटन प्रति घनमीटर धरून) अगदी काठावर, आणि 2.02 मीटरने भागले, तर तोच 1.6 होतो. मला दुसरे उत्तर अधिक खरे वाटते, कारण बहुतेक सगळे शीर्ष चिकणमातीतच खर्ची पडते, पोयट्यातील दाब वाळूइतकाच राहतो आणि त्यामुळे चिकणमातीच्या तळाशी वर ढकलणाऱ्या दाबाला तोलायला फक्त 2 मीटर मातीचे वजन उरते. हेच थर उलट क्रमाने असते, म्हणजे चिकणमाती खाली आणि पोयटा वर, तर पूर्ण 4 मीटर वजन धरणे रास्त ठरले असते. मग प्रत्येक थराच्या तळाशी उत्थापक दाब स्वतंत्रपणे तपासावा, असा निष्कर्ष काढणे योग्य आहे का?

दुसरी शंका कालावधीची आहे. पूर काही दिवसांत ओसरतो आणि तेवढ्या वेळात बांधाच्या काळ्या मातीत पाझररेषा (झिरपलेल्या पाण्याची वरची सीमा) पूर्ण तयार होणार नाही, हे मान्य. पण वरून झाकलेल्या संपृक्त वाळूत दाब फार लवकर पोहोचतो, म्हणून पायासाठी स्थिर प्रवाहच धरावा, असे माझे मत आहे. त्याविरुद्ध कोणाचा अनुभव असल्यास कळवावे.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत अवघड वाटतो. नदीकाठच्या शेतांत विहिरी असतात, वीटभट्ट्यांसाठी वरची माती उचललेली असते आणि उन्हाळ्यात काळी माती खोल भेगाळते. अशा जागी 2 मीटरचा थर कागदावरच उरतो, आणि वाळूचे उमाळे (पाण्यासोबत वाळू वर उसळणे) फुटायचे ते तेथेच. द्विमितीय छेदात विहीर दाखवली, तर ती बांधालगत धावणाऱ्या सलग चरासारखी वागते आणि दाब प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. अशा वेळी विहीर वगळून फक्त कमी झालेल्या जाडीवर तपासणी करावी, की त्रिमितीय मॉडेलशिवाय गत्यंतर नाही? पायथ्याशी रिलीफ वेलचे (वाळूतील दाब मोकळा करणाऱ्या विहिरींचे) अंतर ठरवण्याआधी एवढे स्पष्ट व्हायला हवे आहे.