मदत हवी आहे: लॅक्रॉसमधली टेन-मॅन राइड (चेंडू परत मिळवायला दहाही खेळाडूंनी टाकलेला दाब) फोडायची कशी?

अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या पुरुष क्लब लॅक्रॉस (जाळीच्या काठीने चेंडू झेलत-फेकत खेळायचा खेळ) संघाबरोबर काम करतो. जुन्या प्रतिस्पर्ध्यांशी सामना तोंडावर आलाय, आणि ते आमच्यावर हमखास टेन-मॅन राइड लावतात. त्यांचे तीन अटॅकर आणि एक मिडी (मिडफिल्डर) आमच्या गोली (गोलकीपर) व तीन डिफेंडरवर, बाकीचे दोन मिडी आणि मध्यरेषेपर्यंत चढलेला एक डिफेंडर आमच्या मिडींवर. त्यांचा गोली क्रीज (गोलभोवतीचं वर्तुळ) सोडून आमच्या एका अटॅकरला धरतो. एरवी क्लिअर करताना (चेंडू आपल्या अर्ध्यातून पुढे नेताना) मिळणारा जादा खेळाडू त्यामुळे गायब!

करून पाहिलेलं: डिफेंडर साइडलाइनपर्यंत पसरवले, पण कोपऱ्यात दुहेरी दाब येतो. गोलीचा लांब पास पलीकडे टाकला, तर चेंडू हवेत तरंगतो आणि तो कुठे जाणार हे त्यांचा मिडी आधीच ओळखतो. चेंडू क्रीजमध्ये गोलीकडे चारच सेकंद ठेवता येतो, आणि बाहेर पडल्यावर चेंडू घेऊन परत शिरता येत नाही, त्यामुळे घाई होतेच. मध्यरेषेवरून रिकाम्या गोलवर शॉट मारणं (४० यार्ड) मोहक आहे, पण सरावात क्वचितच लागतो. चुकला तर चेंडू आपल्याला मिळावा म्हणून एक अटॅकर एंडलाइनवर ठेवतो.

आमच्या गोलीचा पास ३० यार्डांपर्यंतच अचूक जातो. नवी फॉर्मेशन बसवायला वेळ नाही, आहे त्यातच बदल हवा.

नेमका प्रश्न: त्यांच्या गोलीने धरलेला अटॅकर मध्यरेषेकडे धावत आणून पास घ्यायला वापरावा, की गोलीला गोलपासून दूर ओढण्यासाठी साइडलाइनला उभा करावा? आणि ती धाव नेमकी कधी सुरू करायची, आमच्या गोलीकडे चेंडू आल्यावर की पहिला पास सुटल्यावर?