रौप्यमहोत्सवाची ७.१ जीबीची डिस्क आणि ४.७ जीबीच्या कोऱ्या डिस्क

सचिव (ए-१०३): सर्व सभासदांना नमस्कार. २००९ सालच्या आपल्या रौप्यमहोत्सवी गणेशोत्सवाच्या चित्रीकरणाची मूळ डीव्हीडी कार्यालयाच्या कपाटात सापडली असून, तिची प्रत हवी असल्याचे सात घरांनी कळवले आहे. बाजारातून आणलेल्या कोऱ्या डिस्कवर ४.७ जीबी असे छापलेले आहे, तर मूळ डिस्क संगणकावर ७.१ जीबी दाखवते. बी-४०२ मधील सर, आपण अनेक वर्षे लग्नाच्या चित्रफितींचे संपादन केले आहे, तेव्हा यातून काय मार्ग काढावा ते कृपया सांगावे.

बी-४०२: सचिवसाहेब, आधी एक गैरसमज दूर करतो. कोऱ्या डिस्कवरचे ४.७ हे संगणकाच्या मोजणीने ४.७ नसतातच. डिस्क बनवणाऱ्या कंपन्या एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतात, आणि विंडोजचा संगणक मात्र १,०७,३७,४१,८२४ बाइटला एक जीबी म्हणतो. त्यामुळे डीव्हीडी-आर प्रकारच्या डिस्कची ४,७०,७३,१९,८०८ बाइटची जागा संगणकावर जेमतेम ४.३८ जीबी दिसते. त्यातही डिस्क आतून बाहेर लिहिली जाते आणि स्वस्त डिस्कची बाहेरची कड सर्वांत आधी दगा देते, म्हणून मी ४.३ जीबीच्या पुढे जात नाही. म्हणजे आपल्याला ७.१ चे ४.३ करायचे आहेत.

सी-२०१: सर, इंटरनेटवर डीव्हीडी श्रिंक नावाचे मोफत सॉफ्टवेअर मिळते. त्यात डिस्क टाकली की ते आपोआप ४.७ मध्ये बसवून देते, असे मी वाचले आहे. मग एवढा हिशोब कशासाठी?

बी-४०२: प्रश्न रास्त आहे. त्या सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती २००४ सालची असली तरी मी ते अजूनही वापरतो. परंतु ते फक्त चित्र आकसवते; आवाजाला ते हात लावत नाही, फार तर एखादा ध्वनिमार्ग पूर्णपणे वगळू देते. आपल्या डिस्कची खोच नेमकी इथेच आहे. चित्रीकरण करणाऱ्यांनी कॅमेऱ्याच्या टेपवरचा पीसीएम आवाज, म्हणजे अजिबात न आकसवलेला आवाज, जसाच्या तसा डिस्कवर ठेवला आहे. तो सेकंदाला १,५३६ किलोबिट जागा खातो (आठ बिट म्हणजे एक बाइट). आपला कार्यक्रम २ तास ४० मिनिटांचा, म्हणजे ९,६०० सेकंदांचा आहे, तेव्हा नुसत्या आवाजानेच सुमारे १.७ जीबी अडवले आहेत. आता हीच डिस्क तशीच सॉफ्टवेअरच्या हवाली केली, तर ४.३ मधून १.७ वजा जाता चित्राला २.६ जीबी उरतात, आणि चित्र आज ५.४ जीबीचे आहे. एकूण डिस्क ६० टक्क्यांवर आली तरी चित्र मात्र ४८ टक्क्यांवर येते.

सी-२०१: ४८ टक्के म्हणजे पाहणाऱ्याला किती फरक जाणवेल?

बी-४०२: काल रात्री मी तोही प्रयोग करून पाहिला. सत्काराच्या भाषणांत काही जाणवत नाही, कारण तिथे हलते ते फक्त बोलणाऱ्याचे तोंड. लेझीम सुरू झाले आणि गुलाल उडाला की मात्र मुलांच्या पायांभोवती चौकोन चौकोन दिसू लागतात, आणि आरतीच्या वेळी मागच्या काळ्या पडद्यावर निरांजनाभोवती पायऱ्यांसारखी वर्तुळे उमटतात. हे सॉफ्टवेअर चित्र नव्याने बनवत नाही, आधीच आकसवलेल्या चित्रातला बारीक तपशील खरवडून टाकते; म्हणून ७५-८० टक्क्यांपर्यंत ते झाकले जाते आणि त्याखाली गेले की उघडे पडते. ही मर्यादा पुस्तकातली नाही, माझ्या डोळ्यांची आहे.

तेव्हा माझा प्रस्ताव असा आहे की आधी आवाज वेगळा काढून तो सेकंदाला १९२ किलोबिटच्या एसी-३ या आकसवलेल्या आवाजाच्या प्रकारात बदलावा. हा प्रकार डीव्हीडीच्या मानकातलाच असल्याने प्रत्येक प्लेअरला समजतो, आणि १.७ जीबीचा आवाज ०.२ जीबीत बसतो. माइकवरची भाषणे आणि ताशाचा आवाज यांत आपल्या कानांना फरक कळणार नाही. एवढ्यानेच डिस्क ५.६ वर येते. त्यानंतर सुरुवातीचा वीस मिनिटांचा छायाचित्रांचा स्लाइड शो वगळावा, म्हणजे उरलेले चित्र ८७ टक्क्यांवर सहज बसेल.

ए-३०४: सर, मध्येच बोलते, क्षमस्व. तो स्लाइड शो वगळू नये अशी माझी विनंती आहे. त्यात १९८५ सालच्या पहिल्या गणपतीची छायाचित्रे आहेत, आणि संस्थापक सभासदांपैकी चौघे तर आता त्या छायाचित्रांतच उरले आहेत. माझ्या घरी प्रत हवी आहे ती मुख्यतः त्यासाठीच.

बी-४०२: काकू, आपले म्हणणे मला पटले, आणि खरे तर ते माझ्याच लक्षात यायला हवे होते. स्लाइड शो म्हणजे स्थिर चित्रे. त्यांना लेझमीइतकी जागा देणे हीच उधळपट्टी आहे. तो भाग डिस्कवर स्वतंत्र असल्याने त्याला वेगळे प्रमाण देता येते. तो निम्म्यावर आणला, तरी मुख्य कार्यक्रम ८० टक्क्यांवर राहतो. म्हणजे काहीच वगळावे लागत नाही. फक्त डिस्कची जुळणी नव्याने करावी लागणार असल्याने डिस्क लावताच दिसणारा फुलांच्या हलत्या चौकटीचा मेन्यू जाईल, आणि त्याबद्दल मला फारसे दुःख नाही.

सी-१०२: ८.५ जीबीच्या दोन थरांच्या कोऱ्या डिस्क मिळतात ना? मग काहीच आकसवावे लागणार नाही.

बी-४०२: मिळतात, आणि आपली मूळ डिस्क त्याच जातीची आहे. पण त्या महाग असतात, दुकानात सहसा नसतात, आणि एका थरावरून दुसऱ्यावर जाताना जुने प्लेअर अडखळतात. ज्या सात घरांसाठी हे चालले आहे त्यांचे प्लेअर जुनेच आहेत.

सी-२०१: मग पेन ड्राइव्ह दिला तर?

बी-४०२: तरुण मंडळींना तोच देऊ. परंतु जुन्या प्लेअरला यूएसबीचे तोंड असले तरी आजच्या एमपी४ फाइल बहुधा तो वाचत नाही.

ए-२०२: सर, याच ओघात माझ्याकडील दोन जुन्या चित्रपटांच्या डिस्कही करून द्याल का?

बी-४०२: साहेब, ते मात्र माझ्याकडून होणार नाही. बाजारातल्या चित्रपटांच्या डिस्कना नक्कल रोखणारे कुलूप असते आणि हक्क दुसऱ्याचे असतात. ही डिस्क आपल्या संस्थेची आहे, म्हणून मी तिला हात लावतो आहे.

सचिव (ए-१०३): चर्चेवरून सरांच्या प्रस्तावाप्रमाणे काम करण्यास हरकत नाही असे समजतो. मूळ डिस्कचे काय करावे?

बी-४०२: तिची न आकसवलेली पूर्ण नक्कल मी आयएसओ फाइल म्हणून, म्हणजे अख्खी डिस्क जशीच्या तशी एकाच फाइलमध्ये, कार्यालयाच्या संगणकावर आणि एका बाह्य हार्ड डिस्कवर ठेवली आहे, आकसवलेल्या प्रतीवरून पुढे कोणीही आणखी प्रत काढू नये. मूळ डिस्कवर ओरखडे आहेत, पण टूथपेस्ट लावण्याचा उपाय कृपया कोणी करू नये. मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावे, गोल गोल नव्हे.

बी-४०२ (रविवार): सात प्रती तयार आहेत. १६ पट वेगाने लिहिता येत असूनही मी ८ पटच ठेवला आणि प्रत्येक प्रत लिहून झाल्यावर मूळ फाइलशी ताडून पाहिली. आठवी डिस्क शेवटच्या दहा मिनिटांत चुकली, म्हणून ती चुकून कोणाकडे जाऊ नये यासाठी मोडून टाकली आहे. एक प्रत ए-३०४ मधील काकूंच्या प्लेअरवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवून पाहिली. गुलालाच्या वेळी क्षणभर चौकोन दिसतात, पण ते मला दिसले, काकूंना नाही.

ए-३०४: मला दिसले होते, सर. पण त्या वेळी मी ढोल कोण वाजवते आहे ते पाहत होते.