उत्तर: बायपासनंतर स्कॉटलंड, रेल्वे की गाडी?

आजारपणातून उठलेल्या माणसाला स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात, हायलँड्समध्ये, रेल्वेने नेऊ नये, भाड्याची गाडीच बरी, हा वरचा मुद्दा मला पटला नाही. बाबांच्या बायपासनंतर आम्ही सगळे ग्लासगोहून पश्चिम किनाऱ्यावरच्या मॅलेगला रेल्वेनेच गेलो. सव्वापाच तासांच्या आसपास लागतात, पण डब्यात स्वच्छतागृह आहे, उठून चार पावलं चालता येतं. वळणावळणाच्या रस्त्यावर पट्टा बांधून बसण्यापेक्षा त्यांना हे कितीतरी सोपं गेलं.

इथे कुणी लिहिलं नाही म्हणून सांगते: रेल्वेची 'पॅसेंजर असिस्ट' ही प्रवाशांसाठीची मदत मोफत असते. आधी नोंदवली की चढ-उताराला माणूस येतो, रॅम्प लावतात, सामानही उचलतात. आणि वाटेत क्रियनलारिक स्टेशनला रेल्वेगाडीचे दोन भाग होतात, एक ओबानला, दुसरा मॅलेगला. आपला डबा ग्लासगोलाच विचारून घ्या, नाहीतर पेशंटला ऐनवेळी धावपळ. ग्लेनफिनन पुलाच्या २१ कमानी बघायच्या तर फोर्ट विल्यम सुटल्यावर डावीकडे बसा. बाबा मात्र तेव्हा गाढ झोपले होते, आणि आईने उठवूही दिलं नाही!