शब्दचर्चा: ‘कंट्री’ म्हणजे ग्रामीण, देशी की गावरान?

प्रश्न: अमेरिकेतल्या ‘कंट्री म्युझिक’ला एका लेखात ‘ग्रामीण संगीत’ म्हटलेलं वाचलं. मला ते सरकारी खात्याच्या नावासारखं वाटलं. ‘लोकसंगीत’ म्हणावं, तर यातली बरीच गाणी कुणी लिहिली ते ठाऊक असतं. मग काय म्हणावं? आणि ‘ग्रँड ओल ऑप्री’ या कंट्री गाण्यांच्या रेडिओ कार्यक्रमाच्या नावातलं ‘ऑप्री’ काय आहे?

प्रतिसाद १: आधी ऑप्री. तो ऑपेराच, म्हणजे पाश्चात्त्य अभिजात संगीतनाटक. आपल्याकडे स्टेशनचं ‘ठेसन’ होतं, तसं अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या बोलीत ऑपेराचं ‘ऑप्री’ झालं. ‘ओल’ म्हणजे ओल्ड.

नावाची हकिगत मला फार आवडते. 1927 सालचा डिसेंबर. नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम रेडिओवर शनिवारी रात्री ‘बार्न डान्स’ हा अशा गाण्यांचा कार्यक्रम लागायचा आणि त्याच्या आधी वॉल्टर डॅमरॉश यांचा अभिजात संगीताचा कार्यक्रम. त्या रात्री डॅमरॉश यांनी धावत्या आगगाडीचं चित्र उभं करणारी वाद्यवृंदाची रचना ऐकवली. ती संपल्यावर निवेदक जॉर्ज हे यांनी डीफर्ड बेली या कृष्णवर्णीय वादकाला पुढे केलं. बेलींनी एकट्या माउथ ऑर्गनवर ‘पॅन अमेरिकन’ ही गाडी धाववली! मग जॉर्ज हे म्हणाले, तासभर आपण ग्रँड ऑपेरातलं संगीत ऐकलं, आता ग्रँड ओल ऑप्री. कार्यक्रमाला तेच नाव पडलं, आजही तेच आहे.

म्हणून ‘भव्य जुना ऑपेरा’ असं भाषांतर कृपया करू नये. या नावाचा सगळा जीव त्या उच्चारात आहे.

आता ‘कंट्री’. सुरुवातीला या गाण्यांना ‘हिलबिली’ म्हणत. 1925 मध्ये न्यूयॉर्कला ध्वनिमुद्रणासाठी आलेल्या अल हॉपकिन्स यांच्या मंडळींना ध्वनिमुद्रण करून घेणाऱ्या राल्फ पीर यांनी नाव विचारलं. काहीही लिहा, आम्ही डोंगरातले हिलबिलीच, अशा अर्थाचं उत्तर मिळालं आणि पीर यांनी तेच लिहून घेतलं. पण मूळ शब्द हिणवणारा, आपल्या ‘गावंढळ’सारखा. पुढे अर्नेस्ट टब यांच्यासारख्या गायकांनी त्याऐवजी ‘कंट्री’चा आग्रह धरला आणि 1949 मध्ये ‘बिलबोर्ड’ या संगीतविषयक नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीवर ‘कंट्री अँड वेस्टर्न’ हे शब्द आले. मराठीत हे अंतर दोन शब्दांत दाखवता येतं: हिलबिली म्हणजे गावंढळ, कंट्री म्हणजे गावरान. गावरान तूप, गावरान कोंबडी म्हणताना आपण कमीपणाने बोलत नाही, उलट चार पैसे जास्त मोजतो.

प्रतिसाद २: ‘देशी’ का नको? देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात मार्ग आणि देशी असे दोन भेद आहेत. शास्त्राच्या नियमांत बांधलेलं ते मार्ग. त्या त्या प्रदेशातल्या लोकांना रुचणारं, मन रमवणारं गाणं, वाजवणं, नाचणं ते देशी. ऑपेरा आणि ऑप्री समोरासमोर ठेवले की मला हीच जोडी आठवते.

प्रतिसाद १: जोडी सुरेख आहे, मीही ती विसरलो होतो. पण आज अमेरिकेतल्या मराठी घरात ‘देशी गाणी’ म्हटलं की भारतातलीच गाणी लागतील. संगीतप्रकाराचं नाव म्हणून ‘कंट्री’च ठेवावं. अर्थ सांगताना मात्र मी ‘गावरान’ म्हणेन, आणि ‘ग्रामीण’ कधीच नाही.