सँ-पिएर : गव्हर्नरला शिव्या देऊन झाल्या असतील तर ऑगस्टबद्दल बोलू या

अनुजा_खडकवाली
गेल्या आठवड्यापासून ती पोस्ट फिरतेय. कॅरिबियनमधलं मार्तिनिक हे फ्रेंच बेट, सँ-पिएर बंदर, ८ मे १९०२, माँ पेले ज्वालामुखी फुटला, काही मिनिटांत २८ हजार माणसं गेली, आणि का गेली तर गव्हर्नरला ११ मेची निवडणूक उरकायची होती म्हणून त्याने रस्त्यांवर सैनिक उभे करून लोकांना शहरात कोंडलं. खाली प्रतिक्रिया नेहमीच्याच, राजकारणी इथूनतिथून सारखे वगैरे. मी भूशास्त्र शिकवते आणि हे वाचून खरंच संताप झाला म्हणून सविस्तर लिहितेय.

लोकांना कोंडलं नव्हतं, लोक उलट शहरात येत होते. एप्रिलच्या शेवटापासून राख पडत होती, डोंगराच्या कुशीतल्या ले प्रेशर, सँत-फिलोमेनसारख्या गावांत गुरांना चारा उरला नाही, ओढे गढूळ झाले, मग माणसं कुठे जाणार, तर दगडी घरांच्या बंदरात. गेरँ यांच्या साखर कारखान्यात तर डोंगरावरून मुंग्या आणि गोमींचे लोंढे उतरले होते, घोड्यांच्या पायांवर चढत होत्या, कामगार बादल्यांनी तेल ओतत होते. ५ मेला तोच कारखाना उकळत्या चिखलाखाली गेला, आतल्या माणसांसकट.

आणि गव्हर्नर लुई मूटे स्वतः ७ मेला बायकोला घेऊन सँ-पिएरला आला आणि दुसऱ्या दिवशी दोघंही तिथेच मेली. शहर जळणार हे माहीत असलेला माणूस बायकोला घेऊन येतो का? त्याच्या समितीने सांगितलं की दऱ्या समुद्राकडे उघडतात, लाव्हा आला तरी त्यातून वाहून जाईल. लाव्हापुरतं ते बरोबरही होतं. पण आला तो लाव्हा नव्हताच, तापलेला वायू आणि राख यांचा लोट होता, जमिनीला धरून, ताशी शंभर किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने, दऱ्याबिऱ्या न जुमानता. असं काही असतं हे नीट मांडलं गेलं ते फ्रेंच भूशास्त्रज्ञ लाक्रवाने याच डोंगराचा अभ्यास केल्यावर. त्याआधी लोकांच्या आठवणीत १८५१ होतं, तेव्हा राख पडली होती आणि थांबली होती.

आता त्या पोस्टमध्ये ज्याचं एक अक्षर नाही ते. ३० ऑगस्ट १९०२, तोच डोंगर, तसाच लोट, या वेळी मोर्न-रूज आणि अजुपा-बुयों ही गावं. हजाराच्या वर माणसं गेली. ही मे महिन्यात वाचलेली गावं होती हो! तोपर्यंत सँ-पिएरचं काय झालं ते सगळ्या जगाला माहीत होतं, डोंगर अधूनमधून पेटतच होता, आणि तरी दक्षिणेकडे पळालेल्या निर्वासितांना पोसायचा भार नको म्हणून प्रशासनाने त्यांना उत्तरेकडच्या गावांत परत जायला लावलं. मूटेला जाऊन तेव्हा जवळजवळ चार महिने झाले होते. दोषी शोधायचाय ना, मग तिथे शोधा.

दर्यावर्दी_६२
मॅडम, शास्त्र नव्हतं म्हणताय, पण डोळे तर होते ना. ओर्सोलिना नावाचं नेपल्सचं शिडाचं जहाज तिथे साखर भरत होतं, कप्तान मारिनो लेबोफे. अर्धा माल चढलेला, अर्धा किनाऱ्यावर. त्याने लोडिंग थांबवलं. मालवाले अंगावर आले, कस्टमवाले क्लिअरन्स देईनात, अटक करू म्हणाले. तो म्हणाला, व्हेसुव्हियस आज असा दिसला असता तर मी नेपल्स सोडलं असतं, आणि निघाला. त्याला कोणत्या समितीने सांगितलं होतं? ८ तारखेला बंदरातली बाकी जहाजं जळाली, रोराइमावरचे मोजके वाचले, रॉडम तेवढं कसंबसं शेजारच्या सेंट लुसिया बेटाला पोचलं, कप्तान भाजलेला, डेकभर राख आणि प्रेतं.

मी आख्खी नोकरी जहाजावर काढली. एकदा बंगालच्या उपसागरात वादळ तयार होत होतं, आमचा कप्तान म्हणत होता बंदर सोडून खोल समुद्रात जाऊ, आणि माल ज्यांचा होता त्यांचा माणूस दर थोड्या वेळाने फोन करून एकच, कार्गो पुरा करा, मग निघा. पुरा केला. लाटांमध्ये सापडलो, सेकंड इंजिनियरचा हात मोडला, पोरगा होता, त्याला नंतर नीट पाना धरता येत नव्हता. तेव्हा समितीचा अहवाल, त्या काळचं ज्ञान असलं मला सांगू नका. ज्याला लोकांनी थांबायला हवं असतं तो असा अहवाल मागून घेतो.

घाटाखालचा
कप्तानाचं ठीक आहे काका, त्याचं घर त्याच्या पायाखाली होतं, नांगर उचलला आणि घर घेऊनच गेला. ज्याची म्हैस दावणीला आहे त्याने काय उचलायचं?

आमची वाडी महाडच्या वरच्या अंगाला. २०२१ ला तळीये गेलं, त्यानंतर आमच्याकडे दर पावसाळ्यात नोटीस येते, सुरक्षित ठिकाणी स्थलांतर करावे, अन्यथा सर्वस्वी जबाबदारी आपली राहील. दाराला चिकटवतात, फोटो काढतात, जातात. पहिल्या वर्षी आम्ही गेलो. शाळेच्या दोन खोल्या, सगळ्या वाडीला मिळून एक संडास, त्यात पाणी नाही, आजीला उकिडवं बसता येत नाही, आणि नेमकी लावणीची घाई. दरड काही आली नाही. परत आलो तर रेडकू मेलेलं, पितळी भांडी गेलेली. पुढच्या वर्षी आजी म्हणाली मी हितंच मरंन, आणि तिच्यापायी आम्हीही थांबलो. उद्या वाडी गेली तर तुम्ही लिहाल की नोटीस दिली होती, अडाणी लोक हलले नाहीत.

नीलम_तुलूझ
इथे दुसरं बेट आणायलाच हवं, कारण सगळे 'हलवलं असतं तर' एवढंच म्हणतायत. ग्वादलूप, १९७६, मार्तिनिकच्या शेजारचं फ्रेंच बेटच, ज्वालामुखी ला सूफ्रिएर. सरकारच्या डोक्यात सँ-पिएर पक्कं बसलेलं, म्हणून ऑगस्टमध्ये बास-तेर बंदर आणि आजूबाजूची गावं मिळून सुमारे ७३ हजार लोक हलवले. महिनोन् महिने बाहेर ठेवले. मोठा उद्रेक झालाच नाही. एकही माणूस मेलं नाही आणि तरी लोक आजही चिडलेले आहेत, कारण बास-तेरचा व्यापार तेव्हा त्याच बेटावरच्या पॉइंत-आ-पित्र बंदराला गेला तो गेलाच. वर ताझिएफ आणि अलेग्र हे दोन मोठे शास्त्रज्ञ पेपरांतून एकमेकांवर तुटून पडले, एक म्हणे हलवायची गरज नव्हती, दुसरा म्हणे होती. हे भांडण फ्रान्समध्ये अजून निघतं. मला विचाराल तर हलवलं ते बरोबर होतं. शेती बुडाली, धंदा बुडाला, पण माणसं जिवंत आहेत ना चिडायला.

घाटाखालचा
ताई, 'शेती बुडाली पण जिवंत आहेत' हे तुलूझमध्ये बसून लिहायला सोपं आहे. शेती बुडाली की माणूस जिवंत कसा राहतो ते लिहा एकदा. मुंबईला जाऊन वॉचमन होतो, तसा राहतो. माझा चुलता झालाय.

नीलम_तुलूझ
मी कुठे बसलेय त्याचा काय संबंध? माझं आजोळ पोलादपूरचं आहे, दरड मलाही कळते. आणि जे थांबले त्यांचं काय होतं तेही बघा. मॉन्सेरात, तिकडचंच आणखी एक ज्वालामुखीचं बेट, जून १९९७, डोंगराचा भाग बंद केलेला होता, तरी शेतकरी भाजीपाला काढायला आत जात होते, २५ जूनला १९ जण गेले. प्लिमथ म्हणजे राजधानी आणि मुख्य बंदर, ते आधीच रिकामं केलं होतं म्हणून त्याच्यावर फक्त राख आणि दगड पडले, माणसं नाही गेली. नोटिशीला शिव्या द्या, पण नोटीस चुकीची होती असं म्हणू नका.

घाटाखालचा
शेतकरी का गेले आत? हौस होती म्हणून? छावणीत भाजी नव्हती, पोट होतं म्हणून गेले. तुम्ही तेच सांगताय जे मी सांगतोय, फक्त दोष उलट्या बाजूला ठेवताय.

दर्यावर्दी_६२
अहो विषय १९०२ चा आहे, तुम्ही दोघं महाड-पोलादपूरवर उतरलात. महापौर फूशेने शहरात कागद लावले होते, घाबरू नका म्हणून. गावातल्या वर्तमानपत्रात प्राध्यापक लांद यांच्या हवाल्याने आलं होतं की नेपल्सला व्हेसुव्हियसचा जेवढा धोका तेवढाच इथे. उमेदवारांपैकी क्लेर्क नावाचा मळेवाला ८ तारखेच्या सकाळी कुटुंबाला घेऊन बाहेर पडला आणि वाचला. त्याला डोंगराची खूण कळली, मजुराला कागद मिळाला. याला काय म्हणायचं?

अनुजा_खडकवाली
काका, याला मी नाही म्हटलंच नाही. धीर देणारे कागद लावणं हा गुन्हा आहेच, आणि ज्याच्याकडे घोडागाडी आणि दुसरं घर आहे तो आधी निघतो हेही खरं. मी एवढंच म्हणतेय की सैनिकांनी रस्ते अडवले ही गोष्ट नंतर रंगवलेली आहे, आणि ती रंगवल्याने सगळं एका मेलेल्या माणसावर जातं.

आणि तुम्ही सगळे परत मे महिन्यातच. मोर्न-रूजचा पाद्री मारी, ३० ऑगस्टच्या रात्री तो भाजला आणि दोन दिवसांत गेला. मेमध्ये त्याचं गाव सँ-पिएरच्या इतकं जवळ असून वाचलं, लोकांना तो चमत्कार वाटला. नंतर जे झालं त्यात ना अज्ञान होतं ना निवडणूक. छावणीचा खर्च होता. मी वर्गात सँ-पिएर शिकवते तेव्हा मुलांना तुरुंगातला तो एकटा वाचलेला कैदी पाठ असतो, सिल्बारिस, पुढे सर्कशीत गेला तो. त्याला जाड भिंतींनी वाचवलं हे कुणीही सांगतं. अजुपा-बुयोंचं नाव एकाला माहीत नसतं.

कुमुदिनी_र
एक राहून जातंय. उत्तरेकडच्या उसाच्या मळ्यांवर १८५३ पासून पाँडिचेरी-कारईकलकडून नेलेले भारतीय मजूर होते, बास-पॉइंतच्या बाजूला जास्त. ऑगस्टचा फटका बास-पॉइंतच्या हद्दीपर्यंत गेला. परत पाठवलेले निर्वासित म्हणजे नुसता आकडा नाही, ऊस तोडायला माणसं हवी होती हेही त्यात धरा. छावणीत बसलेला मजूर कुणाच्याच कामाचा नसतो.

घाटाखालचा
हां, हे पटलं. परत पाठवतात ते आपल्याला दया येते म्हणून नाही.

मिहिर_जुन्यागोष्टी
ती पोस्ट माझी. सकाळपासून माझं नाव न घेता मला झोडपणं चाललंय म्हणून लिहितो. सैनिकांबद्दल अनेक ठिकाणी वाचलंय, ते मी काढणार नाही. गव्हर्नर तिथे गेला तो लोकांना 'मी आहे, तुम्हीही थांबा' हे दाखवायलाच गेला, म्हणजे थांबवलंच, सैनिकाने काय आणि स्वतः येऊन काय. ऑगस्टचा परिच्छेद जोडतो, तोही कारण तो माझ्याच मुद्द्याला पूरक आहे.

अनुजा_खडकवाली
पूरक नाही, तुमचा मुद्दा मोडणारा आहे. पण जोडा. मोर्न-रूज आणि अजुपा-बुयों ही नावं नीट लिहून जोडा, 'आजूबाजूची काही गावं' असं नको.

नीलम_तुलूझ
आणि २०२१ चं सेंट व्हिन्सेंटही जोडा, तेही तिकडचं ज्वालामुखीचं बेट. ८ एप्रिलला गावं खाली करायचा आदेश, ९ ला उद्रेक, १९०२ मध्ये त्याच डोंगराने सँ-पिएरच्या आदल्या दिवशी दीड हजाराहून जास्त माणसं मारली होती, या वेळी स्फोटात एकही नाही. माँ पेलेही डिसेंबर २०२० पासून पिवळ्या इशाऱ्यावर गेला, खाली सँ-पिएरमध्ये आजही चारेक हजार लोक राहतात. हलवणं जमतं. @घाटाखालचा, चुलत्याबद्दल वाचून वाईट वाटलं म्हणून नाही म्हणत, पण छावणीत गोठा हवा हे तुमचं म्हणणं मान्य.

घाटाखालचा
गोठा, वेगळा संडास, आणि मागे वाडीवर रात्री कोणीतरी पहारा. एवढं द्या, आजीला मी खांद्यावर घेऊन येतो. यंदाची नोटीस परवाच चिकटवून गेलेत, यातलं एकही त्यात नाही.