मदत हवी आहे : अनुकूल परीक्षणाला कवीने कसा प्रतिसाद द्यावा?

माझ्या पहिल्या कवितासंग्रहाचे सविस्तर परीक्षण एका वाङ्मयीन त्रैमासिकाच्या ताज्या अंकात आले आहे. परीक्षकांशी माझा काहीही पूर्वपरिचय नसताना त्यांनी माझ्या मुक्तछंदातील कवितांवरचा ओवीचा संस्कार इतक्या बारकाईने उलगडून दाखवला आहे की, त्यांना कृतज्ञता कळवल्यावाचून राहवत नाही. हे पत्र त्यांना व्यक्तिशः पाठवावे, की संपादकांकडे प्रसिद्धीसाठी द्यावे?

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. आईवरील एका कवितेचा त्यांनी लावलेला अर्थ माझ्या मनातील अर्थाहून अगदी वेगळा आहे. छापून झालेल्या कवितेवर वाचकाचाही हक्क असतो, असे मी मानते, त्यामुळे खुलासा करण्याकडे माझा कल नाही. तरीही आभाराच्या पत्रात त्या कवितेचा उल्लेखच टाळणे प्रामाणिकपणाचे ठरेल का, हे ठरवता येत नाही.

शिवाय दुसऱ्या आवृत्तीच्या मलपृष्ठावर परीक्षणातील काही वाक्ये छापण्याची प्रकाशकांची इच्छा आहे. अमेरिकन विचारवंत इमर्सन यांनी 1855 मध्ये कवी वॉल्ट व्हिटमन यांना लिहिलेल्या खासगी पत्रातील प्रशंसेचे वाक्य व्हिटमन यांनी पुढच्याच वर्षी आपल्या कवितासंग्रहाच्या दुसऱ्या आवृत्तीच्या कण्यावर परवानगीविना छापले होते. तसे माझ्याकडून मुळीच होऊ नये, असे वाटते. अशा वेळी लेखी परवानगी परीक्षकांची घ्यावी, त्रैमासिकाची, की दोघांचीही? ज्यांनी अशी पत्रे लिहिली आहेत किंवा ज्यांना परीक्षक म्हणून ती आली आहेत, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.